पीएसपीवर व्हिडिओ: ४८०×२७२ चा हिशोब नीट जमवायचा तर

सोनीचा पीएसपी, म्हणजे हातात धरून गेम खेळायचं यंत्र, डिसेंबर २००४ मध्ये जपानमध्ये आला आणि २०१४ च्या सुमारास बाजारातून गेला. तरी कपाटात पडलेले पीएसपी अजून पुष्कळ आहेत. गेम खेळायला नाही, तरी सिनेमा किंवा नाटक पाहायला हे यंत्र आजही फार छान आहे. ४.३ इंची रुंद पडदा आहे, हेडफोनची नेहमीची पिन चालते आणि मध्येच कुठलं नोटिफिकेशन येत नाही. अडचण एकच. आजच्या मोबाइलमधला किंवा कॉम्प्युटरवरचा व्हिडिओ तसाच कार्डात टाकला तर पीएसपी तो उघडत नाही. ‘अनसपोर्टेड डेटा’ एवढंच लिहून येतं आणि का नाही, हे काही कळत नाही.

कारण समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. पीएसपीमध्ये व्हिडिओ उलगडण्याचं काम मुख्य प्रोसेसर करत नाही. त्यासाठी ‘मीडिया इंजिन’ नावाचा वेगळा भाग आहे. त्याला ठरावीक प्रकारचाच व्हिडिओ कळतो, आणि कॉम्प्युटरवर जसं नवीन प्लेयर टाकून भागतं तसं इथे भागत नाही. त्यात फाइल सुरू करायच्या आधी यंत्र तिच्या सुरुवातीला नोंदलेले आकडे वाचतं: प्रोफाइल कोणतं (चित्र दाबायच्या कोणत्या युक्त्या वापरल्यात), लेव्हल किती (यंत्रावर किती भार पडेल), चौकट किती बाय किती. हे आकडे मर्यादेबाहेरचे असतील तर आतला व्हिडिओ कितीही हलका असो, पीएसपी त्याला हात लावत नाही. म्हणून ‘साइज कमी करून बघू’ या वाटेने जाऊ नका. आधी आकडे जुळवा.

ते आकडे असे. फाइल एमपी४. व्हिडिओ एच.२६४ (चित्र दाबून साठवायची एक पद्धत), प्रोफाइल ‘मेन’, लेव्हल ३.०, रंग ८ बिट. चौकट ४८०×२७२. सेकंदाला ३० पेक्षा जास्त फ्रेम नकोत. आवाज एएसी पद्धतीचा, दोन चॅनेल, ४८ किलोहर्ट्झ, १२८ केबीपीएस (सेकंदाला इतके किलोबिट). एका फाइलमध्ये एकच व्हिडिओ आणि एकच ऑडिओ ट्रॅक, तिसरं काही नको.

जुन्या लेखांमध्ये ३६८×२०८ हा विचित्र आकडा सापडतो. त्यामागे इतिहास आहे. सुरुवातीच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, मेमरी स्टिकवरच्या (पीएसपीच्या कार्डावरच्या) व्हिडिओला ३२०×२४० ची, म्हणजे ७६,८०० पिक्सेलची मर्यादा होती. रुंद चित्र त्या मर्यादेत बसवायचं तर ३६८×२०८ हा आकडा सोयीचा, कारण त्याचे होतात ७६,५४४ पिक्सेल आणि दोन्ही बाजूंना १६ ने भाग जातो. पडदा ४८०×२७२ चा असूनही लोक त्यावर कमी तपशिलाचं चित्र ताणून बघत होते. २००७ मध्ये ३.३० फर्मवेअर आलं आणि ४८०×२७२, ३५२×४८० आणि ७२०×४८० हे तिन्ही आकार कार्डावरूनही चालू लागले. आजच्या बहुतेक पीएसपींवर ६.६० किंवा ६.६१ असतं, त्यामुळे ३६८×२०८ विसरून जायला हरकत नाही. फर्मवेअर कोणतं आहे ते सेटिंग्जमध्ये सिस्टिम सेटिंग्ज, त्यात सिस्टिम इन्फर्मेशन इथे दिसतं.

७२०×४८० चालतं तर तेच का नको? हातात धरून बघणार असाल तर काहीच उपयोग नाही, पडद्यावर पिक्सेलच ४८० आहेत. फाइल मात्र दुप्पट होते. पीएसपी २००० किंवा ३००० ला केबलने टीव्ही जोडणार असाल तरच हा आकार घ्या. पहिल्या १००० मॉडेलला आणि ई १००० ला टीव्हीची सोयच नाही.

हँडब्रेकमध्ये काय काय बदलायचं

‘पीएसपी कन्व्हर्टर’ नावाची जी जुनी मोफत सॉफ्टवेअर अजून फिरत असतात, ती टाळा. त्यांतली बरीचशी जुन्या ३६८×२०८ वरच अडकलेली असतात. व्हिडिओ कन्व्हर्ट करणारं हँडब्रेक हे सॉफ्टवेअर मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं आणि हवा तो आकडा हाताने घालू देतं.

समरीच्या पानावर फॉरमॅट एमपी४ ठेवा. चॅप्टर मार्कर्सची टिक काढा. चॅप्टर म्हणजे फाइलमध्ये एक जादा ट्रॅक, आणि तो आपल्याला नको आहे. चॅप्टर असले की हँडब्रेक कधी कधी फाइलचं शेपूट आपोआप एम४व्ही असं करून ठेवतं. ते बदलून एमपी४ करा, नाहीतर पीएसपीच्या यादीत फाइल दिसणारच नाही. आतला व्हिडिओ अगदी बरोबर असूनही निव्वळ या कारणाने लोक पुन्हा पुन्हा कन्व्हर्ट करत बसतात.

डायमेन्शन्सच्या पानावर ‘ॲनामॉर्फिक’ बंद म्हणजे ‘नन’ करा. ॲनामॉर्फिकमध्ये चित्र चेपून साठवतात आणि दाखवताना ताणतात. पीएसपीवर ते ताणणं नीट होत नाही आणि माणसं उंच-किडकिडीत दिसतात. मग रुंदी ४८०, उंची २७२.

इथे जरा थांबायला हवं, कारण चित्राचा आकार बिघडतो तो इथेच. १६:९ चं चित्र ४८० रुंद केलं तर उंची खरं तर २७० येते. पण एच.२६४ चित्राचे १६×१६ चे चौकोन पाडून काम करतं. २७० ला १६ ने भाग जात नाही, २७२ ला जातो. दोन ओळींचा हा फरक एक टक्क्याहूनही कमी आहे, तो डोळ्याला दिसत नाही. तेव्हा १६:९ साठी सरळ ४८०×२७२ करा.

पडद्यापेक्षा रुंद सिनेमा, म्हणजे २.३५:१ चा, ४८० रुंदीत २०४ उंच होतो. तो ४८०×२०४ असा सोडू नका. वर-खाली ३४-३४ ओळींच्या काळ्या पट्ट्या घालून चौकट ४८०×२७२ च करा. हँडब्रेकच्या नव्या आवृत्त्यांत याच पानावर ‘बॉर्डर्स’ आहे, तिथे काळा रंग निवडून उंची भरता येते. माझं मत विचाराल तर ४.३ इंचावर २०४ ओळींचा सिनेमा फारच बारीक वाटतो. दोन्ही कडांचं साधारण साडेसात-साडेसात टक्के चित्र कापलं की प्रमाण २:१ होतं आणि उंची २४० मिळते. चेहरे लगेच मोठे दिसतात. ज्या सिनेमात चौकटीच्या अगदी टोकाला काही घडत असतं तिथे अर्थातच कापू नये.

व्हिडिओच्या पानावर एच.२६४ (एक्स२६४) घ्या. फ्रेमरेट ‘सेम ॲज सोर्स’ आणि त्याच्या शेजारी ‘कॉन्स्टंट’. मोबाइलवर काढलेला व्हिडिओ बहुतेक वेळा बदलत्या फ्रेमरेटचा असतो. उजेड कमी झाला की फोन स्वतःहून फ्रेम कमी करतो. असा व्हिडिओ तसाच सोडला की पीएसपीवर ओठ आणि आवाज यांचं जमेनासं होतं, सुरुवातीला थोडं आणि पुढे पुढे जास्त. सोर्स ६० फ्रेमचा असेल तर ३० निवडा. सिनेमाचे २३.९७६ आणि आपल्याकडच्या टीव्ही-डीव्हीडीचे २५ तसेच राहू द्या. २५ चे ३० करायला गेलात तर दर पाच फ्रेमनंतर एक फ्रेम दोनदा येते आणि कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळतं.

प्रोफाइल ‘मेन’, लेव्हल ‘३.०’. दोन्ही ‘ऑटो’वर ठेवायचं नाही. ऑटोमध्ये प्रोफाइल ‘हाय’ होतं, आणि ‘हाय’मधलं ८×८ चं गणित पीएसपीला येत नाही.

प्रीसेट ‘मीडियम’ ठेवा. जितकं हळू तितकं चांगलं, असं समजून लोक ‘व्हेरी स्लो’ निवडतात आणि फसतात. पुढची फ्रेम बनवताना आधीच्या किती फ्रेम हाताशी ठेवायच्या, याला रेफरन्स फ्रेम म्हणतात. मीडियममध्ये त्या ३ असतात, स्लोमध्ये ५, स्लोअरमध्ये ८, व्हेरी स्लोमध्ये १६ पर्यंत. लेव्हल ३.० लावल्यामुळे हे आपोआप आवरलं जाईल असं वाटतं, पण तसं होत नाही. हाताशी ठेवलेल्या सगळ्या फ्रेम मिळून त्या लेव्हलची मर्यादा १६×१६ च्या ८,१०० चौकोनांची आहे आणि आपल्या चौकटीत चौकोन फक्त ५१० (३० गुणिले १७). म्हणजे कागदोपत्री १५ रेफरन्स फ्रेम बसतात. कागदावर सगळं नियमात असतं आणि पीएसपीवर चित्र फाटतं. तीनच्या वर जाऊ नका.

त्याच पानावर खाली जास्तीचे पर्याय टाइप करायची चौकट असते. तिथे बी-पिरॅमिड ‘नन’ आणि वेट-पी शून्य करा, दोन्हींच्या मध्ये कोलन: b-pyramid=none:weightp=0. बी-पिरॅमिड म्हणजे मधल्या फ्रेमवर आणखी मधल्या फ्रेम रचणं. जागा थोडी वाचते, पण जुन्या हार्डवेअरला ते झेपत नाही. वेट-पी अंधुक होत जाणाऱ्या दृश्यांसाठी असतं. जुन्या डीकोडरांवर त्यामुळे चित्रात चौकोनी डाग पडू शकतात, म्हणून तेही बंद केलेलं बरं.

बिटरेटला ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ऐवजी ‘ॲव्हरेज बिटरेट’ घ्या आणि ‘मल्टी-पास’ची टिक लावा. मोबाइलसाठी कॉन्स्टंट क्वालिटी उत्तम, पण तिथे धावपळीच्या, पावसाच्या, गर्दीच्या दृश्यात बिटरेट एकदम उसळतो आणि हळू कार्ड असेल तर चित्र अडकतं. शिवाय कार्डातली जागा आधीच मोजता येणं ही मोठी सोय आहे. ४८०×२७२ ला ७६८ केबीपीएस भरपूर झाले. आवाजाचे १२८ मिळवून ८९६, म्हणजे तासाला सुमारे ४०३ एमबी. अडीच तासांचा सिनेमा जवळपास बरोबर १ जीबी. ४ जीबीच्या कार्डात असे तीन आरामात बसतात. चौथा बसवायचा असेल तर बिटरेट ६०० वर आणा, फरक फारसा जाणवणार नाही.

ऑडिओला एकच ट्रॅक ठेवा, बाकीचे काढून टाका. कोडेक एएसी, मिक्सडाउन ‘स्टिरिओ’. ‘पासथ्रू’ निवडलं तर डॉल्बीचा आवाज तसाच पुढे जातो आणि पीएसपीला तो वाचता येत नाही. ५.१ आवाजाचे दोन चॅनेल केले की संवाद दबतात, कारण ते मधल्या चॅनेलमध्ये असतात आणि दणदणाट बाजूंना. त्यासाठी ‘गेन’ ५ ते ६ डेसिबल वाढवा. पीएसपीचे स्पीकर मुळातच बारीक आहेत. तरीही आवाज कमी वाटला तर यंत्रात साउंड सेटिंग्जमध्ये ‘एव्हीएलएस’ चालू नाही ना, तेवढं बघा. ते आवाजाला वरून टोपण घालतं.

हे सगळं एकदा भरलं की स्वतःचा प्रीसेट म्हणून सेव्ह करा. पूर्ण सिनेमा लावण्याआधी ‘रेंज’मध्ये ‘सेकंद’ निवडून मधलाच एक मिनिटाचा तुकडा काढा आणि तो यंत्रावर चालवून बघा. सुरुवातीचा तुकडा नको, तिथे नुसती नावं असतात आणि त्यात काहीच कळत नाही.

एफएफएमपेग (आज्ञा टाइप करून चालवायचं कन्व्हर्टर) वापरणाऱ्यांसाठी एवढंच, की त्यात आउटपुटचा ‘पीएसपी’ असा स्वतंत्र फॉरमॅटच आहे. तो फाइलच्या सुरुवातीला सोनीची खास नोंद घालतो, जुन्या फर्मवेअरच्या यंत्रांना त्याचा उपयोग होतो. त्याचा नियम कडक: एक व्हिडिओ आणि एक ऑडिओ, कमी नाही, जास्त नाही. नुसता मुका व्हिडिओ दिला किंवा सबटायटलचा ट्रॅक सोबत राहिला तर तो एरर देऊन थांबतो. मुक्या व्हिडिओला शांततेचा ऑडिओ ट्रॅक जोडावा लागतो.

नाटकांच्या व्हीसीडी

मराठी घरांत नाटकांच्या आणि जुन्या सिनेमांच्या व्हीसीडी अजून डब्यांमध्ये आहेत, आणि पीएसपीसाठी त्यांच्याइतका योग्य माल दुसरा नाही. व्हीसीडीचं चित्र ३५२×२८८ चं असतं, म्हणजे पीएसपीच्या पडद्याच्या जवळपास तेवढंच. मोठ्या टीव्हीवर ते फुटतं, इथे सुबक दिसतं.

डिस्कवर ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर असतो, त्यात डॅट शेपटाची मोठी फाइल. ती कॉम्प्युटरवर कॉपी करा आणि शेपूट बदलून एमपीजी करा. बहुतेक सॉफ्टवेअर मग ती उघडतात. कॉपी होताना मध्येच अडकली तर डिस्कवर चरे आहेत. मऊ कपड्याने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. दुसरा ड्राइव्ह मिळत असेल तर त्यावरही लावून बघा, एका ड्राइव्हला न वाचता आलेली डिस्क दुसरा कित्येकदा वाचतो.

३५२×२८८ हे आकडे दिसतात तसे नाहीत. त्यातले पिक्सेल चौरस नसतात, चित्र दाखवायचं असतं ४:३ मध्ये. २७२ उंचीला ४:३ ची रुंदी येते ३६२ च्या आसपास. ३६० धरा आणि डाव्या-उजव्या बाजूला ६०-६० पिक्सेल काळे भरा. ४:३ चं नाटक ताणून पडदाभर करू नका, सगळी पात्रं बसकी दिसतात. सिनेमाच्या व्हीसीडीत मात्र वर-खाली काळ्या पट्ट्या चित्रातच छापलेल्या असतात. त्या ‘क्रॉप’मध्ये कापल्या की उरतं ते रुंद चित्र, आणि ते पडद्यावर कितीतरी मोठं होतं. हँडब्रेकचा आपोआप होणारा क्रॉप अशा वेळी चुकू शकतो, कारण जुन्या व्हीसीडीतला काळा रंग पुरता काळा नसतो. प्रिव्ह्यू बघून आकडे हाताने घाला.

व्हीसीडीवर व्हिडिओला ११५० आणि आवाजाला २२४ केबीपीएस खर्च होतात, तासाला ६०० एमबीच्या वर. एच.२६४ मध्ये ४५० अधिक ९६ पुरतात, तासाला २४६ एमबी. नाटकात कॅमेरा फारसा हलत नाही, त्यामुळे यात काही हरवत नाही. फिल्टर्समध्ये ‘डीनॉइज’ हलकं लावा. जुन्या टेपवरून आलेल्या चित्रात दाणे असतात आणि बिटरेट ते दाणे रंगवण्यातच जातो. डीव्हीडी असेल तर ती बहुधा ५७६ ओळींची इंटरलेस्ड असते, म्हणजे एक सोडून एक अशा ओळी आलटून-पालटून साठवलेली. तिला ‘डीइंटरलेस’ लावायलाच हवं, नाहीतर हात हलला की कडेला कंगव्यासारख्या रेषा दिसतात.

मराठी सबटायटल

पीएसपी वेगळी सबटायटल फाइल वाचत नाही. ती चित्रावर कायमची छापावी लागतात, हँडब्रेकमध्ये ‘बर्न इन’. देवनागरी असेल तर फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलेली हवी, नाहीतर प्रश्नचिन्हं येतात. छापल्यावर ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या आधी येते का, ‘र्य’चा रफार जागेवर बसतो का, हे दोन शब्द मुद्दाम तपासा. तिथे गडबड असेल तर ते सॉफ्टवेअर अक्षरं जोडतच नाही, नुसती एकामागे एक मांडतं. आवृत्ती नवी घ्या.

अक्षराचा आकार हा खरा प्रश्न आहे. सबटायटलच्या साध्या एसआरटी फाइलमध्ये तो ठरवता येत नाही, म्हणून ‘सबटायटल एडिट’ या सॉफ्टवेअरमध्ये फाइल एएसएस प्रकारची करून घ्या. उंची २७२ धरली तर आकार २६ ते २८ लागतो. इंग्रजी अक्षरांना यापेक्षा कमी चालेल. आपल्या फाँटमध्ये वर वेलांट्या-मात्रांसाठी आणि खाली उकारांसाठी जागा राखलेली असते, त्यामुळे तोच आकडा घातला तरी मूळ अक्षर लहान उमटतं. नोटो सान्स देवनागरीचं ‘मीडियम’ वजन आणि दीड-दोन पिक्सेलची काळी किनार, एवढं पुरे. ओळ २८-३० अक्षरांपेक्षा लांब नको, आणि दोनपेक्षा जास्त ओळी तर नकोतच.

फोनवर उभा काढलेला व्हिडिओ असेल तर पडद्याच्या मधोमध दीडशे पिक्सेलची चिंधी उरते. त्याऐवजी डायमेन्शन्समध्ये ‘रोटेशन’ ९० अंश करा आणि पीएसपी उभा धरून बघा. चित्र पडदाभर येतं.

कार्ड आणि फोल्डर

कार्डाच्या मुळाशी ‘व्हिडिओ’ नावाचा फोल्डर हवा, इंग्रजीत आणि सगळी अक्षरं कॅपिटल. २००६ च्या २.८० फर्मवेअरपासून ही सोय आहे. त्याआधी ठरावीक फोल्डरमध्ये ठरावीक आकड्यांची नावं द्यावी लागत. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा, देवनागरी फाँट यंत्रात नाही. चित्राचा छोटा फोटो दिसायला हवा असेल तर १६०×१२० चा जेपेग बनवा, व्हिडिओचंच नाव द्या आणि शेपूट टीएचएम करा.

कार्ड मेमरी स्टिक प्रो ड्युओ. पीएसपी गोला मात्र एम२ लागतं. अस्सल प्रो ड्युओ आता सहज मिळत नाही, त्यामुळे मायक्रोएसडीचं अडॅप्टर बरं. कार्ड कॉम्प्युटरवर नव्हे, पीएसपीतच फॉरमॅट करा. फॉरमॅट एफएटी३२ असल्याने एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. स्वस्त कार्डांत ३२ जीबी छापलेलं आणि आत ४ जीबी असा प्रकार सर्रास होतो. पहिले तीन-चार सिनेमे नीट चालतात, पुढचे ‘करप्टेड डेटा’. विंडोजवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ने पूर्ण कार्ड एकदा लिहून-वाचून तपासा आणि मगच भरा.

मॅकवरून कॉपी केलं की प्रत्येक सिनेमाशेजारी त्याच नावाची एक मेलेली फाइल दिसते. ती मॅकने स्वतःसाठी बनवलेली, टिंब आणि अंडरस्कोअरने सुरू होणारी लपलेली फाइल असते. तुमच्या व्हिडिओत काही बिघाड नाही, ती खुशाल डिलीट करा. केबल काढण्याआधी कॉम्प्युटरवर ‘इजेक्ट’ करा आणि मग पीएसपीवर गोल बटण दाबून यूएसबी मोडमधून बाहेर या. नाहीतर फाइलचा शेवटचा भाग कार्डावर लिहिलाच जात नाही आणि सिनेमा शेवटच्या प्रसंगात थांबतो.